मामाचा गाव नसलेली सुट्टी

जुलै महिना जवळ आला की मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात, चहाच्या टेबलाशी, तरुण आयांच्या तोंडी एकच प्रश्न असतो. "सहा आठवडे काय करायचं गं मुलांचं?" गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे मी हा प्रश्न ऐकते आहे. आधी तो आम्ही विचारत होतो, आता आमच्या सुना आणि लेकी विचारतात. उत्तरे मात्र बदलत गेली. आमच्या वेळी "पाठव इंडियाला" हे उत्तर असे, आता क्लब, कॅम्प, कोडिंग, पोहणे, ट्यूशन अशी यादीच असते.

माझी नोकरी लेस्टरला लायब्ररीत झाली. शेवटची काही वर्षे स्थानिक इतिहासाच्या विभागात होते. जुन्या शाळांच्या रोजनाम्या तिथे चाळायला मिळाल्या आणि लक्षात आले की हा प्रश्न फक्त आपला नाही आणि आजचाही नाही. शाळा सक्तीची झाली तेव्हापासून, म्हणजे दीडशे वर्षे, हा देश तो विचारतो आहे. त्याची कोणी कोणी काय उत्तरे दिली, ते या लेखात थोडक्यात सांगायचा विचार आहे. इतिहास म्हटला की आपल्याकडे लढाया आणि तह आठवतात, पण मुलांच्या सुट्टीलाही इतिहास असतो बरं का!

सुट्टी आली कुठून?

उन्हाळ्याची सुट्टी शेतीच्या कामांसाठी पडली, असे इथे सगळे सांगतात. ते अर्धेच खरे आहे. इंग्लंडमध्ये १८७० साली सार्वत्रिक प्राथमिक शाळांचा कायदा झाला आणि १८८० साली पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. खेड्यातल्या शाळा तेव्हा सुगी बघूनच बंद होत. पीक उशिरा आले तर सुट्टीही लांबे. केंटमध्ये हॉप्स, म्हणजे बिअरला लागणारी फुले, खुडायचा हंगाम सप्टेंबरात. तेव्हा पूर्व लंडनमधली गरीब कुटुंबे मुलाबाळांसकट तिकडे जात आणि वर्ग ओस पडत. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरच्या सुट्टीला अजून "टॅटी हॉलिडेज" म्हणतात, म्हणजे बटाटे काढायची सुट्टी. दुसऱ्या बाजूला पार्लमेंट, कोर्टे आणि विद्यापीठे यांना उन्हाळ्यात लांब सुट्टी घेण्याची सवय फार जुनी. वरच्या वर्गाची ती चाल आणि खालच्या वर्गाची सुगी, दोन्ही मिळून ऑगस्ट महिना ठरला.

गिरण्यांच्या गावांत आणखी वेगळे. लँकेशायरमध्ये "वेक्स वीक" असे. एकेका गावातल्या सगळ्या गिरण्या एकाच आठवड्यात बंद होत आणि सारे गाव ब्लॅकपूलला जाई. आमच्या लेस्टरला होजियरी आणि बुटांचे कारखाने जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात बंद असत. कारखाने गेले, पण शाळा इतर इंग्लंडच्या आधी बंद होण्याची पद्धत त्यामुळे पुढे कितीतरी वर्षे टिकली. गंमत बघा, या गावांत सुट्टी मुलांची नव्हती, घराची होती. आई-बाप आणि मुले एकाच वेळी मोकळी. भानगड सुरू झाली ती मुलांची सुट्टी आणि मोठ्यांची सुट्टी वेगळी झाली तेव्हा. आजचा हिशोब करून पाहा. शाळा वर्षात १९० दिवस, म्हणजे सुट्ट्या जवळजवळ १३ आठवडे. नोकरदाराची कायद्याने मिळणारी रजा ५.६ आठवडे, तीही बँक हॉलिडे धरून. नवरा-बायकोने वेगवेगळी रजा घेतली, वर्षभर एकमेकांबरोबर एक दिवसही काढला नाही, तरी गणित जमत नाही.

लंडनच्या मुलांचा मामा

हे गणित शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये फारच वाईट होते. दोन खोल्यांत सात-आठ माणसे, आई शिवणकाम नाहीतर धुणी-भांडी करणारी, आणि ऑगस्टमध्ये शाळेला कुलूप. मुले दिवसभर रस्त्यावर. तिथल्या सेंट ज्यूड्स चर्चचे पाद्री सॅम्युएल बार्नेट आणि त्यांची पत्नी हेन्रिएटा यांनी १८७७ साली काही अशक्त मुलांना खेड्यात राहायला पाठवले. हॉस्टेलात नव्हे, खेड्यातल्या साध्या माणसांच्या घरी. त्या घरांना खर्चापुरते पैसे द्यायचे आणि मुलाच्या आई-बापांनीही ऐपतीप्रमाणे थोडे भरायचे. यातून १८८४ साली चिल्ड्रन्स कंट्री हॉलिडेज फंड उभा राहिला. टॉइन्बी हॉलची स्थापनाही त्यांनी त्याच वर्षी केली. पुढे दर उन्हाळ्यात हजारो मुले अशी जाऊ लागली.

हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो आपला मामाचा गाव. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसून कोकणात उतरणारे चाकरमानी आणि त्यांची पोरे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील, नव्हे, त्यांतलेच आपण असू. नंतर एसटी आली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण प्रवासाचा अर्थ तोच. देशावरही बैलगाडी किंवा एसटीने मुले आजोळी जात. तिथे कोणी मुलांसाठी "ॲक्टिव्हिटी" ठरवत नसे. मावसभावंडे, मामेभावंडे, विहीर, आंब्याची अढी आणि दुपारी पत्ते. शिवाय एक गोष्ट आपण विसरतो. ती सुट्टी आईचीसुद्धा असे. माहेरी तिला चार दिवस कोणी तरी पानावर वाढे. मुलांचे सुख आणि आईचा विसावा एकाच घरात, एकाच वेळी होई. यासाठी कोणाला कायदा करावा लागला नाही, पण नाती आणि घरे होती म्हणून ते चालले. ज्यांना आजोळ नव्हते, किंवा जिथे खाणारी तोंडे आधीच जास्त होती, त्यांची सुट्टी काही तितकी गोड नसे, हेही खरे.

ब्रॅडफर्डचा वजनकाटा

सुट्टीत मुलांचे नेमके काय बिघडते, हे या देशात पहिल्यांदा मोजले गेले ते ब्रॅडफर्डला. १९०६ साली शाळेत जेवण देण्याची मुभा देणारा कायदा झाला. पुढच्या वर्षी ब्रॅडफर्डच्या शाळांचे डॉक्टर राल्फ क्राउली आणि स्वयंपाक विषयाच्या प्रमुख मेरियन कफ यांनी ग्रीन लेन शाळेत प्रयोग केला. चाळीस मुलांना रोज न्याहारी आणि दुपारचे जेवण दिले आणि त्यांची नेमाने वजने घेतली. साधे अन्न, पॉरिज, ब्रेड, डाळीचे किंवा मटणाचे काहीतरी. पण टेबलावर कापड आणि जेवताना शिस्त. वजने वाढू लागली. मग मध्ये व्हिट्सनची सुट्टी आली, म्हणजे आजच्या मेच्या हाफ टर्मच्या सुमाराची. शाळा बंद, जेवण बंद. सुट्टीनंतर काट्यावर उभे केले तर मुलांचे वजन उतरलेले!

एका आठवड्याची ती सुट्टी. आलेखावरचा तो खड्डा पाहिल्यावर वेगळे सांगायची गरज राहिली नाही. तरीही कायद्याप्रमाणे कौन्सिलला शाळेच्या दिवसांपुरताच खर्च करता येई. जणू मूल सुट्टीत जेवत नाही! सुट्टीच्या दिवशीही जेवण देता येईल असा बदल १९१४ साली, महायुद्धाच्या तोंडावर झाला.

आता शंभर वर्षांची उडी मारू. २०२० साली करोनात शाळा बंद झाल्या, तेव्हा मोफत जेवण मिळणाऱ्या मुलांना आठवड्याला १५ पौंडांची व्हाउचरे दिली गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती थांबणार होती. मँचेस्टर युनायटेडचा बावीस वर्षांचा फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड याने जूनमध्ये खासदारांना उघडे पत्र लिहिले. लहानपणी त्याने स्वतः ते दिवस पाहिले होते. दुसऱ्याच दिवशी सरकारने निर्णय फिरवला आणि सुमारे १३ लाख मुलांसाठी सहा आठवड्यांचे पैसे मिळाले. पुढच्या वर्षी, २०२१ साली, सुट्टीत खेळ आणि जेवण एकत्र देणारी योजना इंग्लंडभर सुरू झाली. क्राउली आणि कफ यांनी काट्यावर जे दाखवले होते, तेच नव्याने सांगावे लागले.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अन्नाची ददात नाही, देवाची कृपा. पण नव्याने आलेली विद्यार्थी कुटुंबे, एकट्या आया, नोकरी गेलेली घरे आपल्या समाजातही आहेत, आणि मराठी माणूस असे काही बोलून दाखवत नाही.

टॅव्हिस्टॉक प्लेसची बाग

पोट भरले की मुलाला जागा लागते. लंडनच्या ब्लूम्सबरीत, फिट्झरॉय स्क्वेअरच्या आपल्या ओळखीच्या इंडियन वायएमसीएपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, टॅव्हिस्टॉक प्लेस नावाच्या रस्त्यावर मेरी वॉर्ड हाउस ही सुंदर इमारत आहे. मेरी वॉर्ड या त्या काळच्या फार लोकप्रिय कादंबरीकार. "मिसेस हम्फ्री वॉर्ड" या नावाने लिहीत. त्यांनी १८९७ साली इथे, तेव्हाच्या पासमोर एडवर्ड्स सेटलमेंटमध्ये, मुलांच्या खेळाचे वर्ग सुरू केले. १९०२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सुट्टीची शाळा भरवली, इंग्लंडमधली पहिली. शेजारची बाग ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी वापरायला दिली.

शाळा म्हणजे काय, तर पाढे नाहीत, पाठांतर नाही. सुतारकाम, शिवण, गाणी, चित्रे, खेळ आणि बागेत बसणे. लंडनच्या दाटीवाटीतली शेकडो मुले आत येण्यासाठी दाराशी उभी राहात. बाईंनी मग पार्लमेंटमध्ये खटपट केली आणि १९०७ च्या शिक्षण कायद्यात एक कलम घालून घेतले. त्यामुळे कौन्सिलना सुट्टीच्या शाळा आणि खेळाची केंद्रे चालवता येऊ लागली. मजा अशी की याच बाई स्त्रियांना मत मिळू नये म्हणून चाललेल्या चळवळीच्या पुढारी होत्या! माणूस एका बाबतीत पुढचे पाहतो आणि दुसऱ्या बाबतीत मागे राहतो. असो.

त्यानंतर दुसरे महायुद्ध आले. प्रवास टाळावा म्हणून १९४२ पासून सरकारने "घरीच सुट्टी घ्या" अशी मोहीम काढली आणि गावोगावच्या बागांत बँड, कठपुतळ्या, मुलांच्या शर्यती होऊ लागल्या. आया कारखान्यांत, वडील लढाईवर. गळ्यात घराची किल्ली घालून फिरणारी मुले तेव्हा लोकांच्या नजरेत भरली. युद्ध संपल्यावर लंडनभर बॉम्बने पडलेल्या घरांच्या जागा होत्या आणि मुले तिथेच खेळत. १९४६ साली लेडी ॲलन ऑफ हर्टवुड या उद्यानरचनाकार बाईंनी कोपनहेगनजवळ एम्ड्रुप इथे १९४३ साली सुरू झालेले एक विचित्र मैदान पाहिले. झोपाळे नाहीत, घसरगुंड्या नाहीत. फळ्या, विटा, दोर, हातोडे, आणि लक्ष ठेवायला पण मध्ये न पडायला एक मोठा माणूस. त्यांनी परत येऊन "पिक्चर पोस्ट" साप्ताहिकात लेख लिहिला, की आपल्या पडक्या जागा अशा का वापरू नयेत? १९४८ साली कॅम्बरवेलला असे पहिले मैदान झाले, पुढे लँबेथला आणि इतरत्र. आजची ॲडव्हेंचर प्लेग्राउंड्स ती हीच.

त्याच सुमाराला आपल्याकडेही मुलांच्या मोकळ्या वेळाचा विचार चालू होता. १९५९ साली मुंबईत सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचे "मधुमंजिरी" रंगमंचावर आणले, आणि पुढे दिवाळीच्या नि मे महिन्याच्या सुट्टीत बालनाट्याला जायची मराठी घरांत रीतच पडली. १९७१ साली बालभारतीचे "किशोर" निघाले. १९८५ साली पुण्यात गरवारे बालभवन सुरू झाले. शोभा भागवतांनी तिथे मुलांना नुसते खेळू द्यायचे महत्त्व आई-बापांना समजावून सांगण्यात वर्षे घालवली.

आपण आलो तेव्हा

आमची पिढी इथे आली तेव्हा आपले मंडळ होते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ सालचे. पण मामाचा गाव नव्हता. म्हणून पैसे साठवून मुलांना घेऊन भारतात जायचे. इथे एक अडचण होती आणि अजून आहे. इथली सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि महाराष्ट्रातल्या शाळा जूनमध्येच सुरू झालेल्या. आमची मुले पुण्याला पोचत तेव्हा आंबे संपलेले, पाऊस धो धो, आणि भावंडे सकाळी दप्तरे घेऊन शाळेत. दिवसभर गॅलरीतून पाऊस बघायचा. साडेपाचला भावंडे आली की त्यांचा गृहपाठ. गणपती यायच्या आत परतीचे विमान. दोन देशांच्या सुट्ट्या एकमेकींना भेटतच नाहीत! मुले कंटाळत हे खरे, पण रोज चार वाजता आजीबरोबर भाजी निवडायला बसत. मोठी झाल्यावर त्यांना भारत आठवतो तो तेवढ्यासाठीच.

दुसरा उपाय म्हणजे आजी-आजोबांना इकडे बोलावणे. व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा, आणि तो नेमका मे ते ऑक्टोबर असा बेतायचा. कितीतरी मराठी घरांची सुट्टी या व्हिसावर निभावली. त्यांच्यासाठी तो काळ सोपा नसे. रस्त्यावर माणूस दिसत नाही, भाषा येत नाही, टीव्हीवर क्रिकेट संपले की काय? तरी नातवंडांना मराठी आली ती शनिवारच्या वर्गापेक्षा या सहा महिन्यांत जास्त आली, असे मी खात्रीने म्हणेन.

ज्यांना हे दोन्ही जमत नव्हते त्यांची मुले माझ्या लायब्ररीत येत. सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर असत आणि बंद करताना "आंटी, पाच मिनिटं" म्हणत. आम्हा सगळ्या कर्मचाऱ्यांना ती नावानिशी ठाऊक होती. दुपारी डबा खातात की नाही याकडे आमचे लक्ष असे. १९९९ साली देशभरच्या लायब्रऱ्यांत समर रीडिंग चॅलेंज सुरू झाले, सुट्टीत सहा पुस्तके वाचायची आणि शेवटी पदक घ्यायचे. त्या पदकापेक्षा मला महत्त्वाचे वाटे ते हे, की पुस्तक परत करताना मूल ते कसे होते हे कोणाला तरी सांगे आणि कोणी तरी ते ऐकून घेई.

घरात काय करावे?

हा सगळा इतिहास चाळून मला जे कळले ते अगदी साधे आहे. बार्नेट, क्राउली, वॉर्ड, लेडी ॲलन, यांपैकी कोणी मुलांची सुट्टी शिकवणीने भरली नाही. वेळेवर जेवण, हातपाय चालवायला जागा, बरोबरीची मुले आणि जवळपास असलेले एक शांत मोठे माणूस, एवढेच त्यांनी दिले. आपल्या आजोळीही हेच मिळत होते.

आज आपल्या घरांत उलटे चालले आहे. बकिंगहॅमशायर, केंट अशा भागांत ग्रामर स्कूलची इलेव्हन प्लस परीक्षा सप्टेंबरात असते. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाचा तो उन्हाळा ट्यूशनमध्ये जातो. परीक्षेला माझा विरोध नाही, आमच्याही मुलांनी अभ्यास केला. पण सकाळी दोन तास पुस्तक घेतले तर बाकीचा दिवस त्या मुलाचा राहू द्यावा, एवढे तरी आपल्या हाती आहे. नातवाला रात्री झोप लागेनाशी झाली, पोट दुखते म्हणून सांगू लागला, की ते लाड नव्हेत हे आजीला आईच्या आधी कळते.

"कंटाळा आला" या वाक्याने मात्र घाबरायचे कारण नाही. बीबीसीवर १९७३ ते १९९५ पर्यंत सुट्टीच्या दिवसांत "व्हाय डोंट यू?" नावाचा कार्यक्रम लागे. टीव्ही बंद करा आणि दुसरे काही तरी करा, असे तो टीव्हीवरूनच सांगायचा! लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन हॉस्पिटलातले मुलांचे डॉक्टर आणि मानसतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे, की एकटे राहता येणे ही मुलाची मोठी कमाई आहे, आणि ती कमाई होते कोणी तरी आपले माणूस जवळ असताना. आई स्वयंपाक करते आहे, मूल जमिनीवर आपल्याच तंद्रीत काही मांडते आहे, कोणी कोणाशी बोलत नाही. हे दृश्य आपल्या प्रत्येकाच्या लहानपणी होते. यात आईने करमणूक करायची नसते, फक्त असायचे असते. घरून काम करणाऱ्या आई-बापांनी लॅपटॉप मिटून अर्धा तास असे बसले तरी खूप झाले.

आणि जे एका घराला जमत नाही ते चार घरांना जमते. माझ्या ओळखीच्या चार मराठी कुटुंबांनी काही वर्षांपूर्वी रजा वाटून घेतली. प्रत्येक घराने सुट्टीत पाच दिवस घेतले आणि त्या दिवसांत आठही मुले त्या घरी. वीस कामाचे दिवस, म्हणजे चार आठवडे, तिथेच सुटले. जेवणाला पिठलं-भात नाहीतर पास्ता, दुपारी पार्क, पाऊस आला तर पत्ते. फी नाही, फॉर्म नाही. एका घरचे आजोबा मुलांना बुद्धिबळ शिकवायचे आणि मुले त्यांना फोन वापरायला शिकवायची. मुलांनी त्या दिवसांना "मामाचे दिवस" असे नाव ठेवले होते, कारण ज्याच्या घरी जायचे तो त्या दिवसापुरता मामा.

यंदाच्या ऑक्टोबर हाफ टर्मला कोणाच्या घरी कोण एकटे आहे, याची दिवाळीच्या फराळाला भेटू तेव्हा एकमेकींकडे विचारपूस जरूर करा. फोन नंबर तर आपल्याकडे असतातच. सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!